दहा मापे पीठ आणि गॅरेजचा तास

मागच्या वर्षी एका अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडीची क्लच प्लेट बदलून घेतली. बिलात सुट्या भागांच्या यादीखाली ‘लेबर’ अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढे तास लिहिले होते, साडेचार. गाडी मी सकाळी साडेनऊला दिली होती. साडेबाराला ती धुऊनपुसून माझ्यापुढे उभी होती. काउंटरवरच्या मुलाला विचारले, “तीन तासांत गाडी दिलीत, मग साडेचार तास आले कुठून?” तो अदबीने म्हणाला, “सर, ते सिस्टीममध्ये फिक्स असतं.”

संध्याकाळी ही गोष्ट आमच्या मोहल्ल्यातल्या मिस्त्रीला सांगितली. तीस वर्षे गिअरबॉक्स उघडण्यात गेलेला माणूस. तो हसून म्हणाला, “भाई, आम्हाला तीन तासांचे कुणी दिले असते तरी आज आमचंही काचेचं दुकान असतं.”

दोघेही खोटे बोलत नव्हते. एकाने न केलेल्या दीड तासाचे पैसे घेतले होते. दुसऱ्याला केलेल्या तासांचे पैसे कधी मिळाले नव्हते. गॅरेजचा दर रास्त आहे की नाही, यावर आपण भांडतो तेव्हा सगळे लक्ष आकड्याकडे असते. तासाला इतके जास्त की कमी, एवढाच वाद. मला वाटते आकडा नंतरचा आहे. आधी ठरवायला हवे ते हे की, आपण विकत काय घेतो आहोत? माणसाचा वेळ की त्याने केलेले काम? हा प्रश्न मोटारीपेक्षा फार जुना आहे. त्यावरचा एक सुरेख वाद इराकमधल्या कुफा शहरात, आठव्या शतकात, रोट्यांवरून झाला होता.

नानबाईचा ‘आज’

इमाम अबू हनिफा (मृत्यू 767) हे मदरशात वाढलेले विद्वान नव्हते. कुफ्यात त्यांचा रेशमी कापडाचा व्यापार होता. सौदा कसा ठरतो आणि कुठे फाटतो, हे त्यांनी दुकानात बसून पाहिले होते. त्यांचे शिष्य इमाम अबू युसुफ (मृत्यू 798) गरीब घरातले. आईने त्यांना एका परटाकडे कामाला लावले होते आणि ते तिथून पळून अबू हनिफांच्या वर्गात जाऊन बसत, असे चरित्रकार सांगतात. पुढे ते हारून अल-रशीदच्या काळात मुख्य काझी झाले. मजुरीच्या कायद्यावर गुरू-शिष्यांची ही जोडी बोलते, तेव्हा त्यात बाजाराचा वास येतो तो यामुळे.

हनफी परंपरेतल्या ‘अल-हिदाया’ या ग्रंथात या मंडळींचे मतभेद नोंदवलेले आहेत. फरगाण्याचे बुऱ्हानुद्दीन मर्गिनानी (मृत्यू 1197) त्याचे कर्ते. आपल्याकडे हा ग्रंथ इतका प्रमाण मानला जाई की, कंपनी सरकारच्या न्यायालयांसाठी चार्ल्स हॅमिल्टनने 1791 मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर छापले. त्यातल्या ‘इजारा’ म्हणजे भाडे आणि मजुरीच्या प्रकरणात एक छोटे उदाहरण आहे. एक माणूस नानबाईला सांगतो की, हे दहा मापे पीठ आज मला भाजून दे, एक दिरहम देईन. हा करार चालेल का?

अबू हनिफा म्हणतात, नाही. करार सदोष आहे, कारण त्यात काम आणि वेळ एकत्र कालवले आहेत. ‘दहा मापे’ म्हटले म्हणजे विकले गेले ते काम. ‘आज’ म्हटले म्हणजे विकला गेला तो दिवस. रोट्या दुपारीच भाजून झाल्या तर मालक म्हणेल, दिवस माझा आहे, अजून काही कर. मगरिबची अजान झाली आणि पीठ उरले असेल तर नानबाई म्हणेल, दिवस संपला, माझा दिरहम टाका. जो तो आपल्या सोयीचे टोक धरणार आणि भांडण अटळ. अबू युसुफ आणि इमाम मुहंमद शैबानी या दोघा शिष्यांना हे पटले नाही. ते म्हणाले, ‘आज’ हा शब्द फक्त घाई सांगण्यासाठी आला आहे. करार कामाचाच आहे. रोट्या झाल्या, दिरहम द्या.

माझ्या बिलातले साडेचार तास म्हणजे या नानबाईचा ‘आज’ आहे. दिसायला वेळ, असायला काम. दुरुस्ती तीन तासांत झाली तर वर्कशॉप म्हणते, हा दर कामाचा आहे. पण दर छापताना मात्र तो तासाचा म्हणून छापते.

दोन प्रकारचे मजूर

फिकहने हा गुंता सोडवण्यासाठी मजुरांचे दोन वर्ग केले. ‘अजीर-ए-खास’ म्हणजे ज्याने ठरावीक काळासाठी स्वतःला एकाच मालकाच्या हवाली केले आहे तो. त्याने वेळ विकलेला असतो. मालकाने त्याला काम दिले नाही, तरी तो हजर असेल तर मजुरी देणे लागते. ‘अजीर-ए-मुश्तरक’ म्हणजे सगळ्यांचे काम घेणारा कारागीर. शिंपी, रंगारी, परीट. त्याने काम विकलेले असते, त्यामुळे काम पुरे झाल्यावर तो मजुरीचा हकदार होतो. त्याला किती वेळ लागला हा त्याचा प्रश्न.

गॅरेजचा मिस्त्री उघडच दुसऱ्या वर्गातला. आणि गंमत अशी की, आज गॅरेजमध्ये होणारी बहुतेक भांडणे या जुन्या पानांवर आधीच होऊन गेलेली आहेत. बिल दिल्याशिवाय गाडी सोडणार नाही, असे मिस्त्री म्हणू शकतो का? हिदाया सांगते की, ज्याच्या कामाची खूण वस्तूवर उरते, जसे रंगाऱ्याची, तो मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवू शकतो. हमालाला तो हक्क नाही, कारण त्याच्या कामाची खूण मालावर राहत नाही. गाडी त्याच्या ताब्यात असताना खराब झाली तर? इथे मतभेद आहेत. अबू हनिफांच्या मते त्याच्या हातून काही घडले नसेल तर भरपाई नाही. शिष्यांच्या मते आहे, अगदीच टाळता न येणारे संकट सोडून. हजरत अली (रजि.) कारागिरांना जबाबदार धरत आणि त्याशिवाय लोकांचे व्यवहार सरळ राहणार नाहीत असे म्हणत, अशी नोंद परंपरेत आहे.

कामाचा दर घेणाऱ्याच्या अंगावर जोखीम असते, हा यातला मुद्दा आहे. गंजलेला बोल्ट तुटून त्यात तीन तास गेले तर ते तास मिस्त्रीचे. हात सफाईदार असेल आणि काम लवकर झाले तर तो फायदाही मिस्त्रीचाच. तासाचा दर घेणाऱ्याच्या बाबतीत दोन्ही गोष्टी गिऱ्हाइकाच्या. यातला कुठलाही एक नियम न्याय्य असू शकतो. अन्याय सुरू होतो तो नफ्याला एक नियम आणि तोट्याला दुसरा लावला की.

हा हिशेब फक्त फकिहांच्या पोथ्यांत राहिला असे नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही बांधकामावरच्या मजुरीचे दर लिहून ठेवले. सुताराचे पाच दर्जे आहेत. पहिल्या दर्जाला रोज 7 दाम, मग 6, 4, 3 आणि पाचव्याला 2. रुपयाला 40 दाम. म्हणजे पहिल्या दर्जाचा सुतार सहा दिवसांत रुपयापेक्षा थोडे अधिक कमावी आणि पाचव्या दर्जाच्याला त्याच रुपयासाठी वीस दिवस लागत. पण त्याच यादीत उक्त्या कामाचे दरही आहेत. छप्पर शाकारणाऱ्याला रोजाने 3 दाम आणि उक्ते दिल्यास शंभर गजांना 24 दाम. भागाकार करून पाहा. मोगल कारकुनाने शंभर गज म्हणजे आठ दिवसांचे काम असे धरलेले दिसते. हा तोच ‘सिस्टीममधला फिक्स’ आकडा, काही शतके आधीचा. फरक इतकाच की, आईनमध्ये रोज वेगळा आणि उक्ते वेगळे लिहिले आहे. एकाचे नाव दुसऱ्याला दिलेले नाही.

तासाचे पुस्तक

ही सरमिसळ मोटारीच्या धंद्यात पक्की झाली ती अमेरिकेत. फोर्डची मॉडेल टी 1908 मध्ये आली आणि 1927 पर्यंत तिच्या दीड कोटी गाड्या बनल्या. कारखान्यात गाडी जोडण्याचे काम मिनिटांत मोजले जात होते. फ्रेडरिक टेलरने 1911 च्या आपल्या पुस्तकात कामगाराची प्रत्येक हालचाल घड्याळाने मोजायचा मंत्र दिलाच होता. मग गाडी जोडण्याचे मिनिट मोजता येते तर दुरुस्तीचे का नाही, असा विचार झाला. विक्रेत्यांच्या गॅरेजांसाठी कामांचे तुकडे पाडले गेले. अमुक दुरुस्तीला इतका वेळ, म्हणून इतके पैसे. पुढे सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांसाठी अशी पुस्तके निघाली आणि ‘फ्लॅट रेट’ हा शब्द रूढ झाला.

गिऱ्हाइकाच्या बाजूने यात एक मोठी सोय होती, ती नाकारू नये. आधी आकडा कळत होता. मजुरी आधी ठरवून सांगा, हे तर आपल्याकडेही हदीस आणि फिकहमध्ये पुन्हा पुन्हा आले आहे. पण कारखान्यात प्रत्येक गाडी नवी असते आणि गॅरेजमध्ये प्रत्येक गाडी जुनी. कुणाची पाण्यातून गेलेली, कुणाची आधी तिघांनी उघडून बिघडवलेली. शिवाय दुरुस्तीचे अर्धे काम म्हणजे बिघाड शोधणे. ते घड्याळात बसत नाही.

याचा फार बोलका दाखला 1941 मध्ये मिळाला. ‘रीडर्स डायजेस्ट’ मासिकाने आपले लोक गाडी घेऊन देशभर पाठवले. ते गॅरेज यायच्या आधी कॉइलची एक वायर मुद्दाम सैल करत आणि गाडी नीट चालत नाही म्हणून दाखवत. एकूण 347 गॅरेजे झाली. त्यातल्या 63 टक्के ठिकाणी नसलेले बिघाड सांगितले गेले किंवा नको ती कामे करून पैसे लावले गेले. उरलेल्यांनी वायर पाहिली आणि जागेवर बसवली. अनेकांनी त्याचे काहीच घेतले नाही.

हा प्रसंग नेहमी मिस्त्रींच्या लबाडीचा पुरावा म्हणून सांगितला जातो आणि तो आहेच. मला मात्र त्याची दुसरी बाजू खटकते. काही न घेणारा तो प्रामाणिक, असा त्या चाचणीचा नकळत निकष झाला. बोनेट उघडताच सैल वायर दिसण्यामागे पंधरा वर्षांची नजर असते. तिचे मोल शून्य धरायचे आणि मिस्त्री सुटे भाग बदलण्यात पैसे काढतो म्हणून ओरडायचे, हे एकाच तोंडाने कसे करता येईल?

पगाराची पद्धत माणसाला कशी वाकवते, हे 1992 मध्ये कॅलिफोर्नियात दिसले. सीअर्स या मोठ्या कंपनीची वाहन दुरुस्ती केंद्रे होती. 1990 च्या सुमारास तिथल्या मजुरीची रचना बदलून ती कामाच्या नगावर आणि विक्रीच्या कमिशनवर आणली गेली. राज्याच्या तपासनिसांनी साधे गिऱ्हाईक बनून 38 वेळा गाड्या नेल्या. 34 वेळा नको असलेली कामे गळ्यात मारली गेली, असा आरोप ठेवला गेला. जाणूनबुजून फसवल्याचे कंपनीने नाकारले, पण कमिशन आणि उद्दिष्टांच्या पद्धतीमुळे चुकांना वाव मिळाला, हे तिच्या अध्यक्षांना मान्य करावे लागले आणि ती पद्धत काढून टाकली गेली. माणसे तीच होती. आधी ती दुरुस्ती विकत होती, मग सुटे भाग विकू लागली.

आपली गॅरेजे

आपल्याकडे हे पुस्तकी तास आले ते अधिकृत वर्कशॉपांबरोबर, मुख्यतः 1983 नंतर, मारुतीच्या काळात. त्याआधीची दुनिया वेगळी होती. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता आणि फिएट, पुढची पद्मिनी, ही शहराची टॅक्सी झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली ती थेट ऑक्टोबर 2023 मध्ये. कार्बोरेटरची ही गाडी कानाने ओळखता येत असे. पाने, जॅक, एक हातोडी आणि एक उस्ताद एवढ्या भांडवलावर गॅरेज उभे राही.

मुसलमानांची पोरे या धंद्यात इतकी का, याचे उत्तर यातच आहे. प्रमाणपत्र लागत नव्हते, ओळखीची चिठ्ठी लागत नव्हती आणि नाव विचारून कुणी गाडी परत नेत नव्हते. नोकरीच्या दारात तिन्ही गोष्टी लागत. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात मुस्लिम कामगार स्वयंरोजगारात जास्त आहेत आणि ज्या मोजक्या धंद्यांत त्यांची गर्दी आहे त्यात वाहन दुरुस्तीही आहे, असे नोंदवले गेले. आपल्याला मात्र ते कुठल्याही अहवालाशिवाय माहीत होते.

या गॅरेजमध्ये तासाचा दर नाही. मिस्त्री अंदाजाने आकडा सांगतो, गिऱ्हाईक निम्मा करते, मधे कुठेतरी सौदा बसतो. गिऱ्हाईक हजारांची वस्तू डोळ्यांनी पाहून मुकाट्याने पैसे देते, पण मजुरीचे पाचशे मोजताना त्याचा हात अडतो. “दोन बोल्ट तर खोललेस” हे वाक्य प्रत्येक मिस्त्रीने ऐकलेले असते. मग मिस्त्री काय करतो? मजुरी कमी सांगतो आणि सुट्या भागांच्या दुकानातून आपला हिस्सा घेतो. गिऱ्हाइकाला वाटते मजुरी स्वस्त पडली. मजुरी त्याने दिलेलीच असते, फक्त ती वस्तूच्या किमतीत लपून गेलेली असते.

हे चूक आहे, हे मी आमच्या मिस्त्रीच्या तोंडावर बोललो आहे. माप कमी देणाऱ्यांचा धिक्कार करणारी ‘मुतफ्फिफीन’ ही पवित्र कुरआनची एक पूर्ण सुरा आहे. ती तराजूपुरती नाही. पण तिच्यातला आरोप दुहेरी आहे, हेही विसरता येत नाही. तिथे दोषी आहे तो स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणारा आणि देताना कमी देणारा. गॅरेजच्या दारात तो माणूस पान्यावाला असतो की चावी हातात घेऊन उभा असलेला, हे दर वेळी वेगळे ठरते.

आणि या साखळीत सगळ्यात खाली असतो शागीर्द. उस्तादकडे धंदा शिकायला आलेल्या मुलाला पगार नसतो. चहा, जेवण, जुम्म्याला थोडे पैसे, ईदला कपडे. 1961 च्या अप्रेंटिस कायद्यात शिकाऊ कामगाराला विद्यावेतन आहे, पण ते मोठ्या आस्थापनांच्या नोंदवहीतल्या मुलांसाठी. आमच्या बोळातला मुलगा कुठल्याच वहीत नाही. 1986 च्या बालमजुरी कायद्याखालच्या धोकादायक कामांच्या यादीत गॅरेज होते. 2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांना मनाई झाली, कुटुंबाच्या धंद्यातल्या मदतीची पळवाट तेवढी ठेवून. तरी तेलकट हातांचे छोटू दिसतातच. उस्ताद त्याला पुतण्या म्हणतो. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याचा मोबदला द्या, अशा अर्थाची हदीस आपण तकरीरीत हजारदा ऐकतो. शागीर्दाचा घाम वर्षानुवर्षे सुकत राहतो आणि त्याला आपण तालीम म्हणतो. उस्ताद म्हणतो, मीही असाच शिकलो. अब्बूही असेच म्हणत, असे तो पुढे म्हणतो.

चकचकीत वर्कशॉपमध्ये तरी निराळे काय आहे? माझ्याकडून साडेचार तासांचे पैसे घेतले गेले, म्हणजे माझ्याशी करार अजीर-ए-मुश्तरकचा, कामाचा. खड्ड्यात उतरून क्लच बदलणारा मुलगा मात्र महिन्याच्या पगारावर. तो अजीर-ए-खास, त्याचा वेळ विकलेला. त्याने तीन तासांत काम उरकून वाचवलेला दीड तास ना माझ्या खिशात आला, ना त्याच्या. अमेरिकेतही गॅरेज गिऱ्हाइकाला तासाला शंभर डॉलरच्या वर लावते, तेव्हा तिथल्या मेकॅनिकची मधली कमाई सरकारी आकड्यांप्रमाणे 2023 मध्ये वर्षाला 47,770 डॉलर, म्हणजे तासाला साधारण 23 डॉलर होती. जागा, लिफ्ट, विमा, हमी, स्कॅनर यांचा खर्च खरा आहे. पण दर रास्त आहे का असे विचारताना आपण वर्कशॉपला विचारतो. पाना धरणाऱ्याला विचारले तर त्याला त्या दराचा पत्ताही नसतो.

मग सरकारने दर ठरवावा का? मदिन्यात भाव चढले तेव्हा लोकांनी प्रेषित मुहंमद (स.) यांना भाव बांधून देण्याची विनंती केली होती. त्यांनी नकार दिला. कुणाच्या मालावर अन्याय केल्याचा दावा घेऊन मला अल्लाहपुढे जायचे नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. चौदाव्या शतकात इब्न तैमिया (मृत्यू 1328) यांनी त्याचा अर्थ बारकाईने लावला. लोकांना ज्यांच्या कामाची गरज आहे असे कारागीर अडवणूक करू लागले, तर शासक त्यांना ‘उजरत-ए-मिस्ल’वर म्हणजे तशा कामाच्या चालू मजुरीवर काम करायला लावू शकतो. पण तो दर दोन्ही बाजूंना बांधील. कारागिराने अधिक मागायचे नाही आणि लोकांनी कमी द्यायचे नाही. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग आपल्या बाजारात कुणी उच्चारत नाही.

1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 गाड्याच विकल्या जाऊ लागल्या. त्यांचे बिघाड कानाला ऐकू येत नाहीत, स्कॅनर लावून वाचावे लागतात. आमच्या मिस्त्रीने कर्ज काढून स्कॅनर घेतला. पहिल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या गाडीला तो लावला, सेन्सरचा सैल कनेक्टर सापडला, बसवला, दिवा विझला. मिस्त्रीने दोनशे रुपये मागितले. गिऱ्हाईक म्हणाले, काही बदललंच नाहीस, कसले पैसे?

त्या दिवशी तो गप्प बसला. आता त्याने फळ्यावर खडूने लिहिले आहे : ‘तपासणी 200 रु. काम वेगळे.’ क्लच, ब्रेक, सर्व्हिसिंग, प्रत्येकाची उक्ती मजुरी खाली लिहिली आहे आणि सुट्या भागांचे दुकानाचे बिल तो गिऱ्हाइकाच्या हातात देतो. काही जुनी गिऱ्हाईके सुटली. मी विचारले, “आणि या पोराचं काय?” शागीर्द टायरच्या नळीला पाण्यात बुडबुडे शोधत होता. मिस्त्री फळ्याकडे पाहत म्हणाला, “त्याचं अजून लिहिलेलं नाही.”